वापरलेल्या मोटारीची खरेदी (भारत)

पूर्वी दुसऱ्याच्या नावे नोंदणी झालेली मोटार विकत घेणे म्हणजे वापरलेल्या मोटारीची खरेदी होय.

नवी व वापरलेली मोटार

नव्या मोटारीचे मूल्य पहिल्या काही वर्षांत वेगाने घटते. त्यामुळे वापरलेली मोटार स्वस्त पडते. मात्र तिची खरी स्थिती विक्रेत्यालाच अधिक ठाऊक असते. माहितीच्या या विषमतेचे विश्लेषण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये केले. भारतात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणून तुलना करताना उरलेली मुदतही विचारात घेतली जाते.

मालकी हस्तांतरण

किंमत चुकती केल्याने व्यवहार पूर्ण होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार हस्तांतरणाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरतात. मोटारीवरील कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. विमा आपल्या नावे करण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. नोंद बदललेली नसल्यास अपघातातील भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. मोटार विकून टाकलेली व्यक्तीही त्यातून सुटत नाही.