यवसुरेची रसपरीक्षा आणि गंगापूरचें पाणी

मराठवाड्यांतील लोक गोदावरीस गंगाच म्हणतात, आणि गंगापूर या नांवांतही तीच गंगा ऐकूं येते. तालुक्याच्या दक्षिण सीमेवर, कायगांव-टोक्यापाशीं, प्रवरा गोदावरीस मिळते. परंतु नांवांत गंगा असली म्हणून विहिरींत पाणी असतेंच असें नाहीं. या तालुक्याच्या पुष्कळशा गांवांस उन्हाळ्यांत टॅंकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्याच्या पूर्वभागीं वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. मोटारगाड्यांचे सुटे भाग, औषधें, यंत्रें यांच्या जोडीला तेथें बीअरही मोठ्या प्रमाणावर तयार होते. फॉस्टर्स या ऑस्ट्रेलियन कंपनीची बीअर १९९८ सालापासून येथें होऊं लागली. २००६ सालीं तो कारखाना सॅबमिलर कंपनीकडे गेला, आणि २०१६ सालीं ती कंपनीच ए. बी. इनबेव्ह या आणखी मोठ्या कंपनींत विलीन झाली. मालक बदलत गेले. पाणी मात्र गोदावरीचेंच राहिलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हें पेय येत नसेल, आणि तें यावें असा आमचा आग्रहही नाहीं. तथापि गेल्या दहापंधरा वर्षांत महाराष्ट्रांतील सुशिक्षित तरुणांत बीअर चाखून तिची परीक्षा करण्याचा एक छंद रुजला आहे. त्याचा इतिहास पाहतां पाहतां एका प्रश्नाशीं आम्ही येऊन थांबलों. तो प्रश्न न पिणाऱ्यालाही टाळतां येण्याजोगा नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम या छंदाचें स्वरूप सांगितलें पाहिजे, कारण त्यास व्यसनाचेंच सभ्य नांव समजणें अन्यायाचें होईल. हौशी परीक्षक एका बैठकींत चारपांच प्रकारांचे लहान लहान पेले मागवितो. पेला उजेडासमोर धरून तो रंग व स्वच्छता पाहतो. फेंस किती वेळ टिकतो हें न्याहाळतो. मग वास घेतो आणि शेवटीं लहानसा घोंट जिभेवर फिरवितो. भाजलेल्या सातूची चव, हॉपच्या फुलांचा कडूपणा, अंगचा दाटपणा, मागें रेंगाळणारी रुचि, हें सर्व तो वहींत टिपून ठेवितो. ज्यास झिंगावयाचें आहे त्याला इतका खटाटोप परवडत नाहीं. गाण्याच्या बैठकींत श्रुतींकडे कान लावून बसणाऱ्या रसिकाची आणि याची जात एकच.

या परीक्षेला शास्त्राची शिस्त लावण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) या इंग्रज लेखकाकडे जातें. विख्यात गायकाचा हा केवळ नामबंधु. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें जगांतील बीअरांची देशवार व शैलीवार मांडणी केली, आणि द्राक्षासवाविषयीं ज्या गांभीर्यानें लिहिलें जाई त्याच गांभीर्यानें कामकरी वर्गाच्या या पेयाविषयीं लिहितां येतें हें दाखवून दिलें. त्याच्या आधीं, १९७१ सालीं, इंग्लंडांत पारंपरिक एल टिकविण्यासाठीं ग्राहकांची चळवळ सुरू झाली होती. १९७८ सालीं अमेरिकेनें घरगुती बीअर करण्यास कायद्यानें मोकळीक दिली. यांतूनच पुढें ज्यास आज ‘क्राफ्ट बीअर’ म्हणतात तो पंथ वाढला. महाराष्ट्रांत तो पुण्यांत प्रथम आला; २००९ सालीं तेथें ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जेथल्या तेथें थोडी बीअर तयार करून तेथेंच पाजणारी संस्था, सुरू झाली.

पंथ नवा असला तरी वस्तु आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. पानगृहांत वेगवेगळ्या खोल्या, आसनें, गंध, माला, पाणी आणि ऋतूला अनुकूल अशी सोय असावी इतक्या तपशिलांत तो ग्रंथ शिरतो. त्यांत ‘मेदक’ नांवाच्या मद्याची कृति दिली आहे: पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. धान्य आंबवून केलेलें, पण ऊर्ध्वपातन न केलेलें हें पेय दारूपेक्षां बीअरच्या अधिक जवळचें आहे. किण्व हा शब्द तर आजही आपल्या शास्त्रीय मराठींत जिवंत आहे. पण आम्हांस विशेष वाटतो तो या यादीचा क्रम. कौटिल्य पाण्यापासून आरंभ करितो, आणि एका द्रोणाचे चार आढक धरले तर तें पाणी तांदळाच्या आठपट भरतें. प्राचीन ग्रंथकारानें पहिलें माप पाण्याचें घातलें. अर्वाचीन परीक्षकाच्या वहींत पाण्याला बहुधा रकानाच नसतो.

असें कां व्हावें? एक कारण आपल्या समाजेतिहासांत आहे. मराठी साहित्यांत मद्य आलें तें प्रायः सर्वनाशाचें कारण म्हणून. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’नें (१९१९) तो ठसा कायमचा उमटविला. मुंबई राज्यानें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा केला. गंगापूर त्या वेळीं हैदराबाद संस्थानाच्या मुलखांत होतें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आल्यावर तें या राज्याच्या कारभाराखालीं आलें. पुढें बंदी सैल झाली, तरी महाराष्ट्रांतील मद्यव्यवहार आजही त्याच कायद्याच्या परवान्यांखालीं चालतो. अशा वातावरणांत चवीची भाषा घरीं तयार होणें शक्य नव्हतें. नव्या परीक्षकांनीं ती इंग्लंड-अमेरिकेंतून उचलली; तीबरोबर त्यांचीं विशेषणें आलीं, आणि पाण्याविषयींची त्यांची निश्चिंतताही आली.

तसें पाहिलें तर युरोपांतही बीअरचा इतिहास हा पाण्याचाच इतिहास आहे. इंग्लंडांतील बर्टन गांवच्या विहिरींचें पाणी जिप्समयुक्त. त्यांत हॉपचा कडूपणा स्वच्छ व खरखरीत उठतो. हिंदुस्थानांतील गोऱ्यांसाठीं गलबतांतून येणाऱ्या फिकट एलचा व्यापार प्रथम लंडनच्या हॉजसनच्या हातीं होता. १८२० नंतर बर्टनवाल्यांनीं तो जिंकला, त्यांत या पाण्याचा वांटा मोठा. बोहेमियांतील पिल्सेनचें पाणी अतिशय मृदु. १८४२ सालीं योझेफ ग्रोल यानें तेथें जी सोनेरी बीअर केली तिच्याच नकला आज जगभरच्या बाटल्यांत भरल्या जातात. डब्लिनचें पाणी क्षारधर्मी. करपेपर्यंत भाजलेल्या धान्याच्या आम्लतेनें तें सांवरलें जातें, म्हणून तेथील बीअर काळी. आजच्या परीक्षकांची सर्वांत आवडती जात ‘इंडिया पेल एल’. तिच्या नांवांत इंडिया आहे, पण तिच्यांत हिंदुस्थानचा सातू नव्हता, हॉप नव्हता, पाणी तर नव्हतेंच. हिंदुस्थान तिचें गिऱ्हाइक होता, इतकेंच.

यावर जाणता परीक्षक म्हणेल, ‘हा सारा जुना इतिहास. आतां कारखाने पाणी गाळून त्यांतील क्षार काढून टाकितात आणि हवे तेवढे पुन्हा घालतात; वाळूजला पिल्सेनचें पाणीही करितां येतें आणि बर्टनचेंही.’ हें म्हणणें खरें आहे. पण त्यानें पाण्याचा गुण वगळला गेला. पाण्याचें परिमाण कोठें गेलें? धुणें, उकळणें, थंड करणें धरून काटकसरीच्या मोठ्या कारखान्यांतही एक लिटर बीअरमागें तीनचार लिटर पाणी लागतें. लहान ब्रुअरींत तें याहून अधिक, कित्येकदां दुप्पट लागतें. म्हणजे परीक्षक ज्या लहानपणावर लुब्ध असतो, तो लहानपणा पाण्याच्या हिशेबांत उधळा ठरतो. चवीची भाषा आणि पाण्याचा हिशेब येथें एकमेकांविरुद्ध साक्ष देतात.

वाळूजला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणांतून येतें. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें १९६५ सालीं या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. त्याचा साठा शंभर टी. एम. सी.हून अधिक, आणि त्याच्या जलाशयाचा फुगवटा गंगापूर तालुक्याच्या कांठाला येऊन भिडतो. असें असूनही २०१६च्या उन्हाळ्यांत धरणाचा उपयुक्त साठा संपला. लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच एप्रिल महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मराठवाड्यांतील मद्य व बीअर कारखान्यांच्या पाण्यांत टप्प्याटप्प्यानें कपात करण्याचा आदेश दिला. १० मेपासून ती ६० टक्के झाली. इतर उद्योगांची कपात त्याच्या निम्म्याहून कमी होती. म्हणजे तहान आणि चैन यांमधील रेषा न्यायालयाला आंकड्यांत आंखावी लागली.

या प्रसंगीं केवळ बीअरवर खापर फोडणें मात्र न्यायाचें नाहीं. जायकवाडीच्या लाभक्षेत्रांत उभा राहिलेला ऊंस जें पाणी पितो त्यापुढें सर्व बीअर कारखाने मिळून किरकोळ ठरतात. शिवाय कारखाना शेंकडों घरांच्या चुली पेटत्या ठेवितो आणि सरकारी तिजोरी भरतो. परंतु साखर घेणारा आपण रसिक असल्याचा दावा करीत नाहीं. बीअरचा परीक्षक करितो. ज्यानें पेल्यांतील प्रत्येक घटकाची ओळख पटविण्याचें व्रत घेतलें, त्यानें पेल्यांतील शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक भाग असलेल्या घटकाविषयीं मौन धरावें, ही रसिकतेंतील उणीव होय.

ती भरून काढण्यास साधनें दूर नाहींत. बीअरसाठीं लागणारा सातू राजस्थान-हरियाणाकडून आणि बराचसा हॉप समुद्रापलीकडून येतो. मराठवाड्याच्या कोरड्या रानांत पिकते ती ज्वारी व बाजरी. आफ्रिकेंत ज्वारीची बीअर पिढ्यान् पिढ्या होत आली आहे, आणि आपल्याकडील कांहीं मायक्रोब्रुअऱ्यांनींही भरड धान्यांचे प्रयोग केले आहेत. दख्खनच्या काळ्या पाषाणांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. असें पाणी फिकट बीअरला प्रतिकूल, तर काळसर बीअरला मानवणारें. कमी पाण्यावर येणारें धान्य आणि इथल्या मातींतलें पाणी जसें आहे तसें घेऊन एखाद्यानें बीअर केली, तर तिला गंगापूरची म्हणतां येईल. आज वाळूजहून जी जाते ती गंगापूरहून निघते, पण गंगापूरची नसते.

तोंवर परीक्षकांनीं वहींत एक रकाना वाढवावा: पाणी कोठलें, एका लिटरमागें किती, धुण्याचें पाणी पुन्हा झाडांना मिळतें कीं नाल्यांत जातें. ब्रुअरीच्या चालकास हे प्रश्न विचारणें अरसिकपणाचें नाहीं. गिऱ्हाइक विचारूं लागलें म्हणजे विकणारा मोजूं लागतो, असा व्यापाराचा जुना अनुभव आहे. आणि पहिलें माप पाण्याचें घालावें, हें तर कौटिल्यानेंच सांगून ठेविलें आहे.