द्राक्षांवरील किण्व आणि आर्ब्वाचीं कांचगृहें

द्राक्षें चुरून त्यांचा रस भांड्यांत ठेविला, कीं बाहेरून कांहीं न घालतांही तो फसफसूं लागतो व त्याचें मद्य होतें. मनुष्यास ही गोष्ट सहस्रावधि वर्षें ठाऊक आहे. परंतु हें परिवर्तन कशामुळें होतें, या प्रश्नानें एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें एका थोर मैत्रीची कसोटी पाहिली.

लुई पाश्चर यांचें मत असें होतें कीं, किण्व म्हणजे यीस्ट या सूक्ष्म जीवावांचून रस आंबत नाहीं. आणि हा जीव द्राक्षाच्या गरांत नसून बाहेरून येऊन सालीवर बसतो. त्यांचे स्नेही, सुप्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार, १० फेब्रुवारी १८७८ रोजीं निधन पावले. त्यांच्या मागें सांपडलेलीं टिपणें रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो यांनीं त्याच वर्षीं जुलैंत प्रसिद्ध केलीं. त्यांत नेमकें उलट लिहिलें होतें : मद्यार्क उत्पन्न करणारें द्रव्य रसांतच असतें, त्यास सजीवाची गरज नाहीं.

पाश्चर यांपुढें धर्मसंकट उभें राहिलें. मौन धरावें तर सत्याची हानि. बोलावें तर ज्यास उत्तर देतां येत नाहीं अशा मित्राशीं वाद. त्यांनीं निवाडा द्राक्षवेलींवरच सोंपविला. आर्ब्वा या आपल्या बालपणच्या गांवाजवळ त्यांचा लहानसा मळा होता. तेथें ऑगस्टच्या आरंभीं, द्राक्षें हिरवीं व टणक असतांनाच, त्यांनीं कांहीं वेलींवर कांचगृहें उभारविलीं. त्या वेळीं सालीवर किण्व आलेलें नसतें, हें त्यांस ठाऊक होतें. आंतील कांहीं घोंस तर शुद्ध केलेल्या कापसानेंही गुंडाळले.

ऑक्टोबरांत द्राक्षें पिकलीं. उघड्यावरच्या घोंसांचा रस नेहमींप्रमाणें फसफसला. कापसांतील द्राक्षांचा रस मात्र निश्चल राहिला. पुढें कांचगृहांतले कांहीं घोंस मोकळे करून बाहेरच्या वेलींवर टांगले, तेव्हां त्यांचाही रस आंबूं लागला. मग पाश्चर निवडक घोंस घेऊन पॅरिसला निघाले. सालीस धक्का लागूं नये म्हणून वाटभर ते घोंस त्यांच्या पत्नीनें व कन्येनें हातांत उभे धरिले होते. १८७९ सालीं त्यांचें उत्तर पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें.

तथापि, मृत मित्राचें म्हणणें सर्वस्वीं फोल ठरलें नाहीं. १८९७ मध्यें जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनीं किण्व कुटून, गाळून, पेशीविरहित रस काढिला. तोही साखरेचा मद्यार्क करूं लागला. आंबविणारें द्रव्य खरोखरच असतें. मात्र तें द्राक्षांत नसून सजीव किण्व तें आपल्या देहांत घडवितें.

उरला प्रश्न, किण्व सालीवर येतें कोठून? १९९९ मधील संशोधनानुसार मद्य करणारें मुख्य किण्व अखंड द्राक्षांपैकीं हजारांत सुमारें एकावरच सांपडतें. फुटलेल्या द्राक्षांत मात्र चारांत एकावर. सालीवर बहुधा लिंबाच्या आकाराचीं दुसरीं रानटी किण्वें असतात. आंबण्यास आरंभ तींच करितात, पण मद्यार्क वाढला कीं बहुतेक मरतात. मुख्य किण्व तगतें व काम पुरें करितें. २०१२ मध्यें इटालियन संशोधकांस दिसलें कीं, गांधीलमाशांच्या राण्या हिवाळाभर हें किण्व पोटांत जपतात व आपल्या अळ्यांना देतात. पाश्चर यांनीं कांचेनें अडविलें तें येणें असें होतें.