आज्ञावलीवाचन
चिन्हांत लिहिलेली संगणकाची आज्ञावली अथवा गणिती सूत्र नैसर्गिक भाषेत मोठ्याने वाचण्याची क्रिया. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५०) ‘या’, ‘का’, ‘रू’ ही चिन्हे यावत्तावत्, कालक व रूप या शब्दांची आद्याक्षरेच असल्याने लेखनातच उच्चार सामावलेला होता. संगणकाच्या भाषांत हे नाते तुटले. फोर्ट्रानमधील (१९५७) ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ अशी वाचल्यास ते विधान उघडच असत्य ठरते; ‘क्षमध्ये एक मिळवून उत्तर क्षमध्येच ठेवा’ असे वाचावे लागते. कोबॉलमध्ये इंग्रजी शब्द योजून वाचन सुलभ केले गेले. आज्ञावल्या मात्र लांबल्या.

खरी अडचण कंसांची. ‘अ अधिक ब भागिले क’ एवढेच ऐकणाऱ्यास बेरीज आधी करावयाची की भागाकार, हे कळत नाही. डोळस वाचक कंस पाहून निर्णय करतो. अंधास ती सोय नाही. पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन (१९६५–    ) यांची दृष्टी पौगंडावस्थेत गेली. पुणे विद्यापीठ व मुंबईची भारतीय तंत्रशास्त्र संस्था येथील शिक्षणानंतर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातील प्रबंधात (१९९४) शब्द वाढविण्याऐवजी आवाजच बदलण्याची पद्धती मांडली. तीत घातांक उंच स्वरात ऐकू येतो. त्यांच्या ‘ईमॅकस्पीक’ (१९९५) या प्रणालीत आज्ञावलीतील टीपा आणि मूळ आज्ञा वेगवेगळ्या आवाजांत वाचल्या जातात. ओळ समासापासून किती आत सरकविली आहे, हेही ऐकता येते.