उघड्या कॅबिनेटची वंशावळ

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात तोफेचा आवाज कुणाला नवा नाही. लष्कराचे स्कूल ऑफ आर्टिलरी १९४१ मध्ये काकूलहून इथे आले आणि देशभरातले अधिकारी, जवान तोफखान्याचे शिक्षण घ्यायला आजही इथेच येतात. त्या शिक्षणाचा मोठा भाग हिशेबाचा असतो. नळी किती उचलायची, दारू किती भरायची, वारा कुठून आहे, हवा किती तापली आहे, नळीची झीज किती झाली आहे, यावर गोळा कुठे पडणार ते ठरते. हे आकडे आधीच काढून कोष्टकांत मांडलेले असतात. घरातल्या संगणकाची वंशावळ काढायला बसले की ती या कोष्टकांपाशी जाऊन पोहोचते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अशी कोष्टके हजारोंनी हवी होती. एका गोळ्याचा एक मार्ग टेबलावरच्या गणनयंत्राने काढायला माणसाला वीसेक तास लागत. म्हणून फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये एनिॲक हा संगणक बांधला गेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगापुढे आला. सुमारे १८ हजार निर्वात नळ्यांचे ते धूड तोच मार्ग अर्ध्या मिनिटात काढी. त्यावर हिशेबांची जुळणी करायला निवडलेल्या सहा जणी आधी हातानेच हे हिशेब करत होत्या: के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. त्यांना कुठलेही माहितीपुस्तक मिळाले नाही. मिळाले ते जोडणीचे नकाशे, आणि अडले तर इंजिनियरांना विचारायची मुभा. नकाशे पसरून, एकमेकींना समजावत त्या यंत्र शिकल्या. पुढे गणित चुकले की हजारो नळ्यांतली नेमकी कुठली गेली आहे, इथपर्यंत त्या माग काढू लागल्या. यंत्र आतून कसे आहे आणि त्याच्याकडून काम काय करून घ्यायचे आहे, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असल्या की दोष लवकर सापडतो, हे त्यांनी दाखवले. या लेखात मागोवा घ्यायचा आहे तो याच सवयीचा. झाकण काढायचे, जाणकाराला विचारायचे, सापडलेले दुसऱ्याला सांगायचे.

पुढचा टप्पा १९५५ चा. कॅलिफोर्नियातल्या विमान कंपन्यांनी आयबीएमचे ७०४ हे यंत्र मागवले होते. धंद्यात या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. पण प्रत्येकीने तीच आज्ञावली नव्याने लिहीत बसणे कुणालाच परवडत नव्हते. त्यांनी ‘शेअर’ नावाची वापरकर्त्यांची संघटना काढली आणि लिहिलेले एकमेकींना द्यायला सुरुवात केली. मग १९७५ साली अल्टेअर ८८०० आला. हा संगणक सुट्या भागांत टपालाने घरी येई आणि ज्याचा त्याने तो डाख देऊन जोडायचा. मूळ यंत्रात स्मृती २५६ बाइटची. ती वाढवायला कंपनीने ४ केबीचे कार्ड काढले, पण ते धड चालेना. त्याच वर्षी ५ मार्चला मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये हौशी मंडळी जमली आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. त्यातल्याच बॉब मार्शने चालणारे ४ केबीचे कार्ड करून विकायला काढले. स्टीव्ह वॉझ्नियॅक तिथे आपल्या नव्या यंत्राचे सर्किट नकाशे फुकट वाटत असे. ते यंत्र पुढे ॲपल-१ म्हणून विकले गेले. घरच्या संगणकाचा पहिला अपग्रेड झाला तो असा, एका वापरणाऱ्याने दुसऱ्याची अडचण सोडवताना.

आपल्याकडे ही सवय वेगळ्या दाराने आली. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. तिची यंत्रे मात्र कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत, संस्थांत चालूच होती. ती सांभाळायचे काम सरकारच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सीएमसीकडे आले. बनवणारा निघून गेला तरी यंत्र चालू ठेवायचे, हा धडा भारतीय तंत्रज्ञांनी पीसी घराघरांत येण्याआधीच घेतला होता. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात सैल झाली. त्याच सुमारास ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. शिकवणारे आणि शिकणारे, दोघांनीही संगणक पहिल्यांदा पाहिला तो तिथेच.

पण गावोगावच्या मुलांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला तो आयबीएम पीसीने. हे यंत्र १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर झाले. आत इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, कार्डे खोचायला पाच स्लॉट. खरी गोष्ट यंत्राच्या पुस्तकात होती. त्याचे टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल कुणालाही विकत मिळे, आणि त्यात पूर्ण सर्किट नकाशे व बायॉस या यंत्र जागे करणाऱ्या प्रोग्रॅमची अख्खी आज्ञावली छापलेली होती. स्मृतीच्या चिपा नऊ-नऊच्या ओळीत बसत, आठ माहितीच्या आणि नववी तपासणीची. पहिली ओळ डाख दिलेली, पुढच्या ओळींना सॉकेट. म्हणजे स्मृती वाढवायची तर चिपा आणा, खाच कुठल्या बाजूला आहे ते पाहा, पाय न वाकवता अंगठ्याने दाबा आणि यंत्राला नवा आकडा कळावा म्हणून बारीक स्विच वरखाली करा. चालू होताना यंत्र स्वतःची तपासणी करी आणि दोष आकड्यात सांगे. २०१ आला तर स्मृती, ३०१ आला तर कीबोर्ड, १७०१ आला तर हार्ड डिस्क. २०१ च्या आधी येणाऱ्या अक्षरांवरून नेमकी कुठली चिप गेली तेही काढता येई. चिप तापून-निवून सॉकेटातून हळूहळू वर सरके, आणि मग ‘सगळ्या चिपा एकदा दाबून बघ’ एवढ्या सल्ल्यावर मेलेले यंत्र उठे. बनवणाऱ्याने दिलेली ही मोकळीक नसती, तर पुढची सगळी पिढी झाकणाबाहेरच उभी राहिली असती.

नाशिक परिसरात ती पिढी १९९० च्या दशकात तयार झाली. हा पट्टा हाताने काम करणाऱ्यांचा: नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटीचा छापखाना, ओझरला विमानांचा एचएएल, सातपूर-अंबडला कारखाने, देवळालीला लष्कर. मीटर लावून तारेतला प्रवाह बघणारा माणूस गल्लीत शोधावा लागत नव्हता. ब्रँडेड संगणक महाग, म्हणून बहुतेक घरांत ‘असेंबल्ड’ यायचा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचे. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरायची, मुंबईत लोकलने ग्रँट रोड गाठून दुकाने पालथी घालायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे. मदरबोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, हार्ड डिस्क मांडीवर. कसाऱ्याच्या घाटात गाडी हिसके देई तेव्हा सामान वरच्या फळीवर कुणी ठेवत नसे. घरी पोहोचल्यावर मालक एकटा काही करत नसे. ओळखीतला कुणीतरी येऊन बसे. शेजारच्या काकांचा पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा दुकानदार, कधी बदलीवर आलेला फौजी. लष्करी वस्तीत माणसे दोन-तीन वर्षांनी बदलतात, आणि पुण्याला किंवा बंगळुरूला शिकलेली युक्ती अशी माणसे बरोबर घेऊन येतात.

त्या बैठकीत जे सांगितले जाई ते फारसे कुठे छापलेले नव्हते. वीजपुरवठ्याचे पी-८ आणि पी-९ हे दोन जोड मदरबोर्डला लावताना काळ्या तारा मधे एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत; उलटे लावले तर बोर्ड जळतो. चपट्या केबलची लाल कड एक नंबरच्या पिनकडे. फ्लॉपीच्या केबलला ज्या टोकाला पीळ आहे, तिथे ए ड्राइव्ह. एक्सटी पीसीच्या २० एमबीच्या डिस्कला नव्याने आखायचे तर डीबग उघडून ‘जी=सी८००:५’ टाइप करायचे, आणि डिस्कच्या चिकटपट्टीवर छापलेली खराब ट्रॅकची यादी एकेक करून भरायची. यंत्र हलवण्याआधी पार्क ही आज्ञा द्यायची, म्हणजे वाचणारा काटा तबकडीवर आपटणार नाही. आजच्या वाचकाला हे मंत्र वाटतील, पण प्रत्येकामागे धड कारण होते आणि सांगणारा ते कारणही सांगे. म्हणून ऐकणारा पुढच्या खेपेला स्वतः सांगणारा होई.

सगळ्यात पसरलेला उपाय मात्र खोडरबरचा. ‘रॅम काढ, खोडरबरने पूस, परत घट्ट बसव.’ देवळालीपासून देवरुखपर्यंत ज्याच्या घरी संगणक होता त्याने हे एकदा तरी ऐकले असेल. कार्डाच्या कडेवरच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ, दमट हवा आणि बोटांचे तेल यांचा पातळ थर बसतो आणि संपर्क तुटतो. रबर तो थर उचलते. पावसाळ्यानंतर, किंवा उन्हाळ्याच्या धुळीत यंत्र आठवडाभर बंद राहिले की हा दोष हमखास येई. पडदा काळा, पण आवाज येतो आहे म्हटल्यावर जाणकार आधी कान देई. अवॉर्ड बायॉसचा एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड, लांब बीप पुन्हा पुन्हा येत राहिला तर रॅम. आवाजावरून रोग ओळखणारी ही माणसे फोनवरसुद्धा निदान करत. समोरचा रिसीव्हर कॅबिनेटजवळ धरी.

दुसरे दुखणे कार्डांच्या भांडणाचे. बऱ्याच कार्डांना प्रोसेसरशी बोलायला आपली स्वतंत्र आयआरक्यू लाइन लागे, आणि त्या मोजक्याच. कॉम-१ पोर्टला ४, कॉम-२ ला ३, प्रिंटरला ७. नवे साउंड कार्ड ७ वर बसले की कधी प्रिंटर रुसे, कधी आवाज अडखळे. मग कार्डावरचा जंपर, म्हणजे दोन पिनांवरची प्लास्टिकची बारकी टोपी, चिमट्याने उचलून ५ वर सरकवायची. ४८६ च्या बोर्डावरची बॅटरी संपली की यंत्र हार्ड डिस्कच विसरे. म्हणून सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे कागदावर लिहून कॅबिनेटला आतून चिकटवलेले असत. पुढे कधी ते यंत्र उघडणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहिलेली ती चिठ्ठी. मला या सगळ्या इतिहासात तिच्याइतकी सभ्य गोष्ट दुसरी दिसत नाही.

ही परंपरा धंद्यातही उतरली आणि त्याचे मोठे उदाहरण पुण्यातले आहे. कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करत. १९९० मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले, मग संगणक उघडायला शिकले आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुन्हा पुन्हा व्हायरसने आजारी असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. आलेल्या यंत्रावरचा व्हायरस काढायला त्यांनी छोटी साधने लिहिली, आणि त्यांतूनच पुढे क्विक हील हे अँटिव्हायरस उभे राहिले. दुकानात आलेल्या माणसाची अडचण समोर बसून सोडवली, त्याचे ते फळ.

मराठी माणसाच्या संगणकात आणखी एक भर पडली, तिला अपग्रेड म्हणताना मला विशेष आनंद होतो. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली. आयआयटी कानपूरला मोहन तांबे यांनी घडवलेले जिस्ट तंत्र तिथे आले आणि त्याचे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसू लागले. ते खोचले की डॉसमधल्या इंग्रजी प्रोग्रॅमांतही पडद्यावर देवनागरी उमटे. प्रोग्रॅमला पत्ताही नसे, अक्षरे रंगवायचे काम कार्ड करी. डीबेसमध्ये मराठी नावांची यादी ठेवता येऊ लागली. अल्टेअरच्या ४ केबी कार्डापासून निघालेली ओळ इथे आपल्या लिपीपर्यंत आली, आणि तीही त्याच मार्गाने. मोकळा स्लॉट होता म्हणून.

पुढे विंडोज ९५ ने कार्डे आपोआप ओळखायला सुरुवात केली आणि जंपर मागे पडले. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला तेव्हा या मंडळींना शेवटची मोठी मौज मिळाली. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० ने धावे. कुठल्या बोर्डावर ते जमते, ते एकाने करून पाहायचे आणि दहा जणांना सांगायचे. मग लॅपटॉप आले. आता बऱ्याच लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते. खोडरबरला पुसायला कडच उरलेली नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी माहितीपुस्तके आणि सुटे भाग लोकांना मिळतील असे ठेवावेत, ही त्यामागची मागणी. १९८१ च्या त्या मॅन्युअलमध्ये जे आपणहून छापले गेले होते, ते आज मागावे लागते.

डेस्कटॉप मात्र अजून उघडतो. दुकानांच्या गल्ल्यावर, शाळांच्या खोल्यांत दहा-बारा वर्षांचे संगणक मंद होऊन पडलेले दिसतात, आणि त्यांना नवा जीव देणारा अपग्रेड आज अगदी साधा आहे. जुनी हार्ड डिस्क काढून साटाची एसएसडी लावायची, दुसऱ्या बंद यंत्रातली रॅम त्याच पिढीची, म्हणजे डीडीआर-३ असेल तर डीडीआर-३ च, आहे का ते बघून बसवायची, पंख्याची धूळ झटकायची, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. मिनिटे खाणारे यंत्र काही सेकंदांत सुरू होते. ज्याला हे येते त्याने एकट्याने करू नये. यंत्राच्या मालकाला शेजारी बसवून, स्क्रू त्यालाच काढायला लावावेत.