नजरसानी, निगराणी आणि पुनर्विलोकन : बीड जिल्ह्यातील न्यायव्यवहाराच्या परिभाषेविषयी

बीड जिल्ह्यातील इनामांचे किंवा कुळांचे जुने तंटे अभ्यासू पाहणाऱ्यास मुराफा, निगराणी आणि नजरसानी या तीन शब्दांतील भेद समजून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फारसीची जागा उर्दूने घेतली आणि बीड, गेवराई, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथील कचेऱ्यांची भाषाही तीच झाली. पलीकडे जामखेड तालुका इंग्रजी अमलात होता. तेथे अपील चाले, अलीकडे आष्टीस मुराफा.

मुराफा या अरबी शब्दाच्या मुळाशी वर नेण्याची कल्पना आहे. पराभूत पक्षकार आपले गाऱ्हाणे वरिष्ठ न्यायासनापुढे नेतो, तो मुराफा. नजरसानी म्हणजे दुसरी नजर. ज्या न्यायासनाने निवाडा दिला त्यानेच तो पुन्हा पाहावयाचा. निगराणी हा शब्द तर मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातला. वरिष्ठ न्यायालय कनिष्ठावर देखरेख ठेवते व त्याने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली काय, एवढेच मुख्यतः तपासते. कोणी पाहावयाचे आणि कोणत्या नात्याने, हे या शब्दांतच सांगितलेले आहे.

निर्णयाचा फेरविचार ही कल्पना मात्र या भूमीस निजामी अमलाने दिलेली नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात चुकीने पाहिलेले तंटे राजाने पुन्हा पाहावेत आणि दोषी सभासदांस, जिंकलेल्या पक्षासह, दुप्पट दंड करावा असे विधान आहे. रीतसर हरलेला मनुष्य आपण हरलोच नाही म्हणून पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा हरला, तर दुप्पट दंड त्यालाच. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने रचली ती कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) आश्रयाने. ते कल्याणीही पुढे हैदराबाद संस्थानातच होते. या जुन्या पुनर्न्यायात न्याय देणाराही दंडास पात्र ठरतो. आधुनिक पुनर्विलोकनात त्याचा मागमूस नाही, आणि प्रस्तुत लेखकास तो फरक साधा वाटत नाही.

१ एप्रिल १९५१ पासून १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता संस्थानी प्रदेशास लागू झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे मराठी राजभाषा होताच परिभाषा बदलली. अपील राहिले, नजरसानीचे पुनर्विलोकन झाले आणि निगराणीचे पुनरीक्षण. अडचण येथूनच सुरू होते. विलोकन आणि ईक्षण या दोहोंचा अर्थ पाहणेच. निगराणीतील देखरेखीचा भाव पुनरीक्षणात उरला नाही, आणि दोन भिन्न उपाय केवळ उपसर्ग-धातूंच्या भेदावर उभे राहिले. त्यांत वृत्तपत्रांनी फेरविचार याचिका हा शब्द रूढ केला. त्यामुळे सगळा वाद नव्याने ऐकला जाईल, अशी पक्षकाराची समजूत होते.

वस्तुतः संहितेच्या कलम ११४ व आदेश ४७ अन्वये पुनर्विलोकनास आधार तीनच : योग्य दक्षता घेऊनही पूर्वी न मिळालेला महत्त्वाचा पुरावा, अभिलेखावरून उघड दिसणारी चूक, अथवा अन्य पुरेसे कारण. हे तिसरे कारणही पहिल्या दोहोंशी सजातीय हवे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२२ मध्ये छज्जूराम विरुद्ध नेकी या प्रकरणात ठरविले. निवाडा चुकीचा आहे एवढे म्हणणे पुरत नाही. ती अपिलाची जागा. कलम ११५ चे पुनरीक्षण अधिकारितेपुरते, आणि तेही उच्च न्यायालयाकडे. मुदतीही निराळ्या : १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार पुनर्विलोकनास ३० दिवस, पुनरीक्षणास ९०. शब्दांच्या साम्यामुळे दोहोंची गल्लत करून ९० दिवसांच्या भरवशावर राहिलेल्या शेतकऱ्याच्या हातून पुनर्विलोकनाचा उपाय निसटतो. मग उशीर का झाला, हेच आधी पटवून द्यावे लागते.

महसुली व्यवहारात हा भेद आणखी पुसट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २५७ मध्ये पुनरीक्षण व २५८ मध्ये पुनर्विलोकन आहे. कलम २५८ नुसार अधिकाऱ्यास आपलाच नव्हे तर आपल्या पदावरील पूर्वाधिकाऱ्याचा आदेशही पुन्हा पाहता येतो. येथे ‘स्वतःचा’ म्हणजे त्या खुर्चीचा. परंतु जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास त्यापूर्वी आपल्या निकटच्या वरिष्ठाची मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे नाव पुनर्विलोकनाचे, पण नजरसानीच्या दाराशी निगराणी बसलेली.