राहिलेलं मावंदं

कैलासाला जायचं ठरल्यावर आज्यानं आधी काय केलं, तर देणीघेणी मिटवली आणि रान दोघा मुलांच्या नावे केलं. माघारी येण्याचा भरवसा नसायचा. आला तर मावंदं, न्हाईतर दिवस. तशी रीतच होती. एवढ्यात १९६२ची लढाई झाली, तिबेटची वाट मिटली. रान काही परत आलं नाही. आजा आमच्याकडं नि चुलत्याकडं महिना-महिना पाळीनं जेवू लागला.

१९८१ साली लिपुलेख खिंडीतून यात्रा पुन्हा सुरू झाली. वाट आता सरकारची, तिला डॉक्टरी तपासणी आली. डोल्मा खिंड ५,६०० मीटरच्या वर, तिथं धडधाकटालाही धाप लागते. आज्याला तर दमा. तालुक्याच्या डॉक्टरनं मान हलवली. “तवा रान दिलं, आता छाती कुठनं देऊ?” एवढंच तो बोलला. मानससरोवराच्या पाण्यासाठी घेतलेला तांब्या त्यानं आईला दिला, ताक ठेवायला.