छिंग दरबाराचे मानकरी आणि इतिहासाचा निवाडा

छिंग राजवटीत (१६४४-१९१२) अधिकाऱ्याची पायरी त्याच्या पोशाखावरूनच कळे. हुद्द्यांच्या नऊ श्रेणी होत्या आणि प्रत्येक श्रेणीत वरचा व खालचा असे दोन दर्जे होते. टोपीवरचा मणी आणि छातीवरचे भरतकाम हुद्द्याप्रमाणे बदले. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला पशू. मोरपीस, पिवळी बंडी आणि सरदारकी हे सम्राटाच्या मर्जीचे मान निराळे. मृत्यूनंतर मोठ्या अधिकाऱ्याला दरबार दोन अक्षरांची पदवी देई. त्याच्या राजसेवेवरचा तो अखेरचा शेरा असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मान मिळवणाऱ्यांत त्सेंग ग्वोफान, झुओ झोंगतांग आणि ली होंगझांग हे तिघे अग्रभागी होते. थायपिंग बंडाने (१८५०-६४) राजवट खिळखिळी केली आणि सरकारी फौजा अपुऱ्या पडल्या. तेव्हा त्सेंगने हुनान प्रांतात स्वतःची फौज उभारली, तर लीने आन्ह्वेईच्या माणसांची. १८६४ मध्ये बंडखोरांची राजधानी नानजिंग पडल्यावर त्सेंगला पहिल्या दर्जाची सरदारकी मिळाली. ली आणि झुओ यांना तिच्या खालची पायरी मिळाली. झुओ तर सर्वोच्च परीक्षेत तीनदा नापास झालेला. पण युद्धातील कर्तबगारीने तोही महामंत्रिपदापर्यंत पोचला.

१८७४-७५ मध्ये झुओ आणि ली यांच्यात मोठा वाद झाला. जपानचा धोका ओळखून पैसा आरमारावर खर्चावा, वायव्येकडील, हातून निसटलेल्या दूरच्या शिनजियांगचा नाद सोडावा, असे लीचे म्हणणे. शिनजियांग गेले तर मंगोलिया आणि पाठोपाठ बीजिंग धोक्यात येईल, असे झुओचे. दरबाराने झुओचे ऐकले. १८७८ पर्यंत त्याने बहुतेक प्रदेश परत जिंकला आणि १८८४ मध्ये शिनजियांग स्वतंत्र प्रांत झाला. त्यामुळे झुओ देशभक्तांचा आवडता ठरला. मात्र वायव्येकडील मुस्लिमांचे उठाव त्याने किती निर्दयपणे मोडले, हेही त्याच कारकिर्दीत येते.

ली १८७० पासून सुमारे २५ वर्षे राजधानीभोवतालच्या झिली प्रांताचा सुभेदार होता. १८७२ मध्ये त्याने वाफेच्या जहाजांची कंपनी काढली; पुढे कायपिंगच्या कोळसाखाणी आणि उत्तरेचे आरमार उभे केले. १८९४ मध्ये जपानशी युद्ध पेटले. पराभव होऊ लागताच त्याची पिवळी बंडी आणि मोरपीस काढून घेण्यात आले. तरीही तहासाठी दरबाराला लीच हवा होता. जपानमधील शिमोनोसेकीत वाटाघाटी चालू असताना एका जपानी माणसाने त्याच्या चेहऱ्यावर गोळी झाडली. १७ एप्रिल १८९५ च्या तहाने तैवान गेले आणि २० कोटी टेल चांदीचा दंड बसला. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर परकीय सत्तांशी झालेल्या १९०१ च्या करारावरही त्याचीच सही झाली. दंड ४५ कोटी टेल. दोन महिन्यांनी तो वारला. दरबाराने त्याला ‘वनझोंग’ म्हणजे विद्वान व निष्ठावंत ही पदवी दिली.

निष्ठा राजघराण्याशी की देशाशी, हा पुढच्या वादाचा गाभा. छिंग घराणे मांचू वंशाचे; त्या सत्तेविरुद्ध उठलेल्या क्रांतिकारकांना त्सेंग हा मांचूंसाठी बहुसंख्य हान लोकांची कत्तल करणारा वाटला. साम्यवाद्यांच्या लेखी थायपिंग हा शेतकऱ्यांचा उठाव, म्हणून त्सेंग खाटीक. तर तह करणारा ली देशद्रोही. याउलट राष्ट्रवादी नेता च्यांग काय-शेक त्सेंगला आदर्श मानी आणि तरुण माओलाही त्याचे कौतुक होते. १९०१ मध्येच लीचे चरित्र लिहिणाऱ्या विचारवंत ल्यांग छीचावने मधली वाट धरली: लीची क्षमता आणि परिस्थितीची कोंडी मान्य करून, राष्ट्र म्हणजे काय हे त्याला उमगले नाही, असा ठपका त्याने ठेवला.

१९५८ मध्ये हेफेई येथील लीची कबर उद्ध्वस्त झाली. १९७८ नंतर आर्थिक सुधारणांच्या काळात उद्योग आणि तंत्रज्ञान हाच मापदंड झाला, तेव्हा त्याच्या कारखानदारीकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. २००३ च्या एका दूरचित्रवाणी मालिकेने त्याला सहानुभूतीने रंगवले आणि त्यावर पुन्हा वाद पेटला. त्याने काढलेली जहाज कंपनी आजही चालू आहे.